परळच्या टेस्ट ट्यूबमधून निघालेली गोष्ट: पांढऱ्या पेशींना नाका कसा सापडतो?

आजच्या भागाचा हा लिखित पाठ. ज्यांना इअरफोन लावून ऐकायचंय त्यांनी ऐका, आणि ज्यांचं नेटवर्क मुंब्र्याच्या बोगद्यात जातं त्यांनी वाचा.

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. विषय आहे पू. हो, तोच. पिंपलमधला, गळवातला, खरचटलेल्या गुडघ्यावरचा. आपल्याला तो घाण वाटतो, पण पू म्हणजे मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींचा खच असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जखमेपाशी येतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. आपलं शरीर अशा पेशी रोज साधारण १०० अब्ज तयार करतं.

आता उलटा विचार करा. जगात काही मुलं अशी जन्माला येतात की त्यांच्या जखमेत पू होतच नाही. त्वचा लाल होते, ताप चढतो, जखम चिघळत जाते, पण पू नाही. घरच्यांना वाटतं, बरं झालं, जखम कोरडी आहे. प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते. रक्तात पांढऱ्या पेशी ढिगाने असतात, पण त्या जखमेपर्यंत पोचत नाहीत.

असं का होतं हे कळायला शंभरहून जास्त वर्षं लागली. आणि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईत, परळला, १९५२ मध्ये सापडला होता. तेव्हा मात्र तो कशाचा धागा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

काचेखालचा बेडूक आणि गुलाबाचा काटा

सुरुवात युरोपातून करू. १८६७ साली यूलिउस कोनहाइम या जर्मन डॉक्टरने जिवंत बेडकाच्या शरीरातला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला. त्यात बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. दाह सुरू झाला की त्या वाहिन्यांमधल्या पांढऱ्या पेशी कडेला यायच्या, भिंतीला चिकटायच्या आणि मग भिंतीतून अंग चोरून बाहेर पडायच्या. म्हणजे पू बाहेरून येत नाही, तो रक्तातून येतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

पुढे १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी एल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ताऱ्या माशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. कुणीतरी वर्दी दिल्यासारख्या त्या जमल्या होत्या. या कामासाठी त्याला १९०८ मध्ये नोबेल मिळालं.

या मेचनिकॉफचा आपल्याशी एक संबंध आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्याचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. होय, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे तेच हाफकिन. प्लेगच्या साथीत ते मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. गुरूने पेशींचा गराडा पाहिला, शिष्याने मुंबईत येऊन शरीराच्या त्याच संरक्षणाला लशीने आधीच जागं केलं.

पण मेचनिकॉफच्या काट्याने उभा केलेला प्रश्न तसाच राहिला. पेशींना पत्ता कुणी सांगितला? १८८८ मध्ये टेओडोर लेबर या डोळ्यांच्या डॉक्टरने सुचवलं की दाहाच्या जागेतून काही रसायनं सुटत असावीत आणि पेशी त्यांच्या दिशेने सरकत असाव्यात. कल्पना बरोबर होती. पण अशी रसायनं नेमकी हातात यायला पुढची कित्येक दशकं गेली.

वास जिथे दाट, तिकडे चाल

१९८७ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात, वेगवेगळ्या प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी एक छोटं प्रथिन मिळालं. ते न्यूट्रोफिलना खेचून घेत होतं. त्याला पुढे इंटरल्यूकिन-८, थोडक्यात आयएल-८, असं नाव पडलं. मग त्याची भावंडं सापडत गेली. या सगळ्या घराण्याला १९९२ च्या सुमारास नाव मिळालं: केमोकाइन. आज माणसात अशी सुमारे ४५ ते ५० केमोकाइन माहीत आहेत आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर वीसेक.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचा कान समजा. रचना मजेशीर आहे. एकच लांब प्रथिन पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर ओवलेलं असतं. बाहेरच्या बाजूला केमोकाइन अडकलं की आतल्या बाजूला खबर पोचते आणि पेशी आपला आकार बदलून त्या दिशेला पाऊल टाकते. सगळ्या पेशींना सगळे कान नसतात. न्यूट्रोफिलला आयएल-८ ऐकू येतं. दुसऱ्या काही पेशींना लसिकाग्रंथींकडून येणारी हाक ऐकू येते. म्हणूनच घसा दुखला की जबड्याखाली गाठ लागते, कारण पेशी तिथे जमून कामाला लागलेल्या असतात.

मी ठाण्याची आहे, त्यामुळे मला हे टेंभी नाक्यावरूनच समजतं. नवरात्रात स्टेशनला उतरलेल्या नवख्या माणसाला देवीचा मंडप कुठे हे विचारावं लागत नाही. रोषणाई जिकडे वाढत जाते, आवाज जिकडे मोठा होतो, गर्दी जिकडे दाटते, तिकडे चालत राहायचं. केमोकाइनचं अगदी तसंच. जखमेपाशी ते सगळ्यात दाट असतं आणि लांब जावं तसं विरळ होतं. पेशी त्या चढावर चालते.

पण ही झाली स्टेशनवर उतरल्यानंतरची गोष्ट. खरी अडचण त्याच्या आधी आहे. उतरायचं कसं?

धावत्या गाडीतून उतरायचं कसं?

रक्त वाहतं, आणि चांगलंच जोरात वाहतं. पांढरी पेशी त्यात फास्ट लोकलमधल्या प्रवाशासारखी असते. १९९१ च्या आसपास शास्त्रज्ञांनी बाहेर पडण्याच्या या प्रवासाचे टप्पे नीट मांडले. लोकलच्या भाषेत सांगते.

पहिला टप्पा, वेग कमी करणं. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेचे बारीक तुरे असतात. तुरे सिलेक्टिनमध्ये अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. पेशी भिंतीवरून गडगडत, हळू होत जाते.

दुसरा टप्पा, अनाउन्समेंट. भिंतीवर केमोकाइन लावून ठेवलेलं असतं. पेशी हळू झाली असेल तरच तिच्या रिसेप्टरला ते भेटतं. ‘हेच स्टेशन, उतरा.’

तिसरा टप्पा, दांडा घट्ट धरणं. खबर मिळताच पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं ताठ होतात आणि भिंतीला गच्च पकडतात. आता रक्ताचा लोंढा तिला वाहून नेऊ शकत नाही.

चौथा टप्पा, गर्दीतून वाट काढून बाहेर. भिंतीच्या दोन पेशींच्या फटीतून पेशी अंग चोरून निघते आणि मग केमोकाइनच्या चढावर चालू लागते. कोनहाइमने बेडकात पाहिलं ते हेच.

हे सगळं उंदरांत आणि काचेच्या भांड्यात दिसत होतं. पण माणसात खरंच हा प्रत्येक टप्पा लागतो का? त्याचा पुरावा एकाच प्रकारे मिळू शकत होता: ज्याच्यात एखादा टप्पा जन्मतःच गायब आहे असा माणूस भेटला तर. आणि इथे आपली गोष्ट परळला येते.

१९५२: ओ नसलेला ओ

परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएम हॉस्पिटलच्या आवारात, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मोजक्या व्यक्तींचं रक्त विचित्र वागताना दिसलं. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचं दिसायचं, कारण लाल पेशींवर ए नाही, बी नाही. पण त्यांचं सीरम घेऊन ओ गटाच्या लाल पेशींत मिसळलं की पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. हे व्हायला नको होतं. ओ गटाचं रक्त तर सगळ्यांना चालतं असं आपण शाळेत शिकतो.

टेस्ट ट्यूब नीट धुतली नसेल, नमुने अदलाबदल झाले असतील, असं म्हणून ते फेकून देणं सोपं होतं. भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईच्या त्रिकुटाने तसं केलं नाही. लंडनमधल्या रक्तगटाच्या जाणकारांसोबत, रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासोबत, त्यांनी १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हा नवा गट जाहीर केला. जगाने त्याला नाव दिलं बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं मात्र तेच राहिलं.

त्यात वेगळं काय आहे? लाल पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली की तयार होते एच ही खूण. एच म्हणजे भिंतीतली खुंटी. खुंटीवर एक टोपी टांगली की ए गट, दुसरी टांगली की बी, दोन्ही टांगल्या की एबी, आणि नुसती खुंटी म्हणजे ओ. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. त्यामुळे त्याचं शरीर ए आणि बीसोबत खुंटीलाही परकं मानतं. अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त चालतं.

भारतात हा गट साधारण १०,००० माणसांमागे एकात सापडतो, आणि कोकणासह पश्चिम महाराष्ट्रात त्यातल्या त्यात जास्त. युरोपात तो जवळपास दहा लाखांत एक इतका दुर्मीळ आहे. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘अर्जंट, बॉम्बे ब्लड ग्रुप पाहिजे’ असा मेसेज आला तर तो अफवा आहे असं लगेच समजू नका. आधी फोन करून खात्री करा, पण करा.

परळच्या लोकांचं काम इथे थांबलं नाही. १९५७ मध्ये तिथे आयसीएमआरचं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं. डॉ. भाटिया यांनी पुढे त्याचं नेतृत्व केलं. आज त्याच संस्थेला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणतात.

१९९२: दोन मुलं आणि मुंबईची खूण

आता चाळीस वर्षं पुढे आणि इस्राएलमध्ये. एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मुलं डॉक्टरांकडे येत होती. वारंवार न्यूमोनिया, कान फुटणं, हिरड्या सुजणं, त्वचेचे संसर्ग, आणि पू मात्र नाही. रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट. वाढ खुंटलेली, बौद्धिक विकासही मागे. डॉ. आमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

त्या मुलांच्या तपासण्यांत एक अजब गोष्ट होती. दोघांचाही रक्तगट बॉम्बे.

परळच्या मंडळींनी चाळीस वर्षांपूर्वी नाव दिलेली खूण इथे कोड्याची किल्ली ठरली. लाल पेशीवरची खुंटी नाही, म्हणजे फ्यूकोज जोडलेलं नाही. आणि आठवतंय ना, पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेचे तुरे असतात, ज्यांच्यामुळे ती गडगडत हळू होते? त्या तुऱ्यातही फ्यूकोज लागतं. या मुलांच्या शरीरात फ्यूकोज कुठेच नीट जोडलं जात नव्हतं. त्यामुळे लाल पेशीवर खुंटी नाही आणि पांढऱ्या पेशीवर तुरा नाही. केमोकाइन हाका मारत होतं, रिसेप्टरचे कान शाबूत होते, पण गाडीचा वेगच कमी होत नव्हता. पेशी स्टेशन सोडून पुढे निघून जात होत्या.

इथे एक गोष्ट ठळक सांगते. तुमचा किंवा घरात कुणाचा बॉम्बे रक्तगट असेल तर घाबरू नका. नेहमीच्या बॉम्बे गटात फक्त खुंटीला फ्यूकोज जोडणारं यंत्र बंद असतं, पांढऱ्या पेशींचे तुरे तयार करणारं यंत्र वेगळं आणि चालू असतं. अशी माणसं धडधाकट असतात. इस्राएलच्या मुलांत बिघाड आणखी मागे होता, फ्यूकोजच्या पुरवठ्यातच. २००१ मध्ये त्याचं नेमकं कारण सापडलं. पेशीच्या आत ज्या कारखान्यात साखळ्या तयार होतात, तिथवर फ्यूकोज पोचवणाऱ्या वाहकाचं जनुक बिघडलेलं होतं.

आणि या गोष्टीत एक सुखद वळणही आहे. याच आजाराच्या तुर्की वंशाच्या एका मुलावर जर्मनीत उपचार चालू होते. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तोंडावाटे फ्यूकोज द्यायला सुरुवात केली. साधी साखर. त्याचा वाहक कमजोर होता, पण पुरता बंद नव्हता. माल जास्त आला तर थोडा तरी आत जायचा. मुलाचे संसर्ग आणि ताप थांबले, रक्तातला न्यूट्रोफिलचा आकडा खाली आला. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. इस्राएलच्या मुलांना मात्र या उपायाचा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्या जनुकातला बिघाड वेगळा होता. एकच आजार, एकच साखर, पण दोन घरांत दोन निकाल.

दुसरा रक्तगट, दुसरं गुपित

योगायोग एवढ्यावर थांबत नाही. १९५० मध्ये, बॉम्बे गटाच्या दोनच वर्षं आधी, इंग्लंडमध्ये वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या एका हिमोफिलियाच्या रुग्णामुळे डफी नावाचा रक्तगट सापडला. १९७० च्या दशकात कळलं की ज्यांच्या लाल पेशींवर डफीची खूण नाही, अशा आफ्रिकी वंशाच्या लोकांना व्हायवॅक्स मलेरिया सहसा होत नाही. ती खूण म्हणजे त्या परजीवीचं दार होतं. भारतात बहुतेक सगळ्यांकडे हे दार उघडं आहे. पावसाळ्यात ठाणे-डोंबिवलीत ताप आलेल्या अनेकांच्या रिपोर्टवर ‘पी. व्हायवॅक्स’ दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण ते दार मुळात कशासाठी आहे? शरीर मलेरियाच्या सोयीसाठी तर दार ठेवणार नाही. उत्तर १९९३ मध्ये आलं. डफी हा केमोकाइनचा रिसेप्टर निघाला. तोच आयएल-८ पकडणारा. लाल पेशी त्याच्या मदतीने रक्तात फिरणारं जादा केमोकाइन टिपून घेतात. आणि बारीक शिरांच्या भिंतीवरचा डफी केमोकाइन आतल्या बाजूला पोचवतो, जिथे धावत्या पांढऱ्या पेशींना ते दिसेल. म्हणजे अनाउन्समेंटचे स्पीकर लावणारा तोच.

पुढे १९९६ मध्ये तर एचआयव्हीनेही असंच केल्याचं उघड झालं. तो विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ या केमोकाइन रिसेप्टरचा आधार घेतो. तो रिसेप्टर अडवणारं मॅराविरॉक हे औषध २००७ मध्ये मंजूर झालं. जे कान आपल्या पेशींनी हाक ऐकण्यासाठी ठेवले, त्याच कानांतून शत्रू आत शिरायला शिकले.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १९५० आणि १९५२ मध्ये रक्तपेढीतल्या माणसांना एवढंच हवं होतं की कुणाला चुकीचं रक्त चढू नये. त्यांनी दोन खुणा नोंदवल्या. १९९२ आणि १९९३ मध्ये कळलं की त्या दोन्ही खुणा पांढऱ्या पेशींच्या वाहतुकीच्या गोष्टीतल्या आहेत. एक ब्रेकची, एक अनाउन्समेंटची. आपल्याकडे इतिहास म्हटलं की तलवारी आणि तह आठवतात. मला हा इतिहास तेवढाच मोठा वाटतो. परळच्या एका खोलीत टेस्ट ट्यूब उजेडात धरून ‘हे असं का?’ म्हणणाऱ्या माणसांचा.

हे आपल्याला का माहीत हवं?

कारण हे फक्त इस्राएल आणि जर्मनीत होत नाही. फ्यूकोजचा आजार जगात मोजक्याच मुलांत सापडलाय, पण त्याच घराण्यातला दुसरा आजार, ज्यात तिसऱ्या टप्प्याचा दांडा म्हणजे इंटिग्रिनच नसतं, तो भारतातल्या मुलांतही आढळतो. तिसरा एक प्रकार आहे, त्यात केमोकाइनची हाक ऐकू येऊनही इंटिग्रिन ताठ होत नाही.

दांडा नसलेल्या बाळांत एक खूण लवकर दिसते. नाळ साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत गळून पडते. इथे ती महिना होत आला तरी पडत नाही, बेंबीला संसर्ग होतो, पुन्हा पुन्हा आजारपणं येतात, जखमा भरत नाहीत, पू होत नाही, आणि सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच वर असतो. नुसती नाळ उशिरा पडली म्हणून कुणी घाबरायचं कारण नाही. बऱ्याच बाळांत तसं काहीही नसताना होतं. पण या गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘काउंट वाढलाय, इन्फेक्शन आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘एवढ्या पेशी आहेत, मग त्या जातायत कुठे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. वेळेत निदान झालं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटने अशी बाळं वाचू शकतात. उशीर झाला तर तीव्र प्रकारात पहिली काही वर्षंच जीवघेणी ठरतात.

टेंभी नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलात शहापूर-मुरबाडपासूनची माणसं लेकरं घेऊन यायची. अशा आयांच्या हातातल्या कागदावर हा आकडा कधीतरी येऊ शकतो. तो कागद पुढे कुठे पाठवायचा? तर ठाण्याहून लोकलने तासाभराच्या अंतरावर. बॉम्बे रक्तगट ज्या आवारात सापडला, त्याच केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत आज अशा मुलांच्या पांढऱ्या पेशींवर इंटिग्रिन आहे की नाही हे तपासलं जातं. ७० वर्षांपूर्वी लाल पेशींवरची खूण मोजणाऱ्या संस्थेचे वारसदार आता पांढऱ्या पेशींवरची खूण मोजतात.

तर मंडळी, या भागापुरतं दोनच कामं सांगते. एक, तुमचा गट ओ असेल आणि रक्तदान करत असाल तर रक्तपेढीत ‘एच तपासलंय का?’ असं एकदा विचारा. हजारो ओ वाल्यांत एखादा बॉम्बे गटाचा निघतो आणि कुणाच्या तरी ऑपरेशनची तारीख त्याच्यावर अडलेली असते. दुसरं, घरात नवं बाळ आलं असेल तर हा भाग त्या घरातल्या एखाद्या माणसाला पाठवा. भेटू पुढच्या भागात.